टांग्यातला पाटा

"आक्का, ह्या चटणीला चव न्हाई," निवृत्ती म्हणाला आणि बोटानं चटणी ताटाच्या कडेला सारून ठेवली.

निवृत्ती माझा धाकटा भाऊ. मालक गेल्यापासून माझ्याकडंच दोन्ही वेळा जेवत होता. पण त्याच्या तोंडून चांगला शब्द म्हणून कधी आला नाही. भाकरी जाड, कालवण पातळ, हात धुवायला दिलेलं पाणी गार. जेवून उठला की ताट तिथंच. वर ढेकर देऊन म्हणायचा, "आमच्या घरात असं नसतं." मला माणसाची सगळी खोड चालते, पण दुसऱ्याच्या चुलीपुढं मांडी घालून त्याच चुलीला नावं ठेवणारा माणूस डोळ्यांपुढं नको होतो. पाठचा भाऊ, म्हणून गिळत होते.

"चव कुठनं येईल?" मी म्हणाले. "उखळात कांडलीय ती. पाट्यावर वाटलेली न्हाई."

"का? पाटा कुठं गेला?"

"टांग्यात."

त्याचा घास तोंडापाशी थांबला. "टांग्यात पाटा? कशाला?"

"तुझ्या पायाखाली बांधलाय. सकाळधरनं त्याच्यावर पाय ठिऊन बसलायस आन् मलाच इचारतोस."

"तरीच," तो हळूच म्हणाला. "तरीच आज घोडी गप चालली."

कडेला सारलेली चटणी त्यानं भाकरीच्या तुकड्यानं पुसून खाल्ली. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, एकदा तरी ताट स्वच्छ केलं पोरानं.

मी चार बुकं शिकलेली बाई नाही. दुसरीत असताना गुरुजींनी कानाला हात लावला म्हणून दप्तर त्यांच्या टेबलावर ठेवून आले, ती परत गेले नाही. पण आजही साताऱ्यात कुणी हौसेनं नवा टांगा केला, तर त्याचा तोल बघायला दांडीखाली पहिलं बोट माझं लागतं. माझा नातू मला घेऊन जातो, आणि मी 'हं' म्हणेपर्यंत टांगा हलत नाही. हा मान मला कुणी दिला नाही. त्याची किंमत एका घोडीनं मोजली आणि एका भावानं.

आमचे मालक टांगेवाले. तालमीत वाढलेलं अंग, मांडी अशी की टांग्यात बसले की पुढची फळी करकरायची. सगळा नाका त्यांना पैलवान म्हणायचा. टांगा हाकायचे ते, पण घोडीवर साज चढवायचा मी. लग्न होऊन आले तेव्हापासून. लगामाची कडी मी कधी गार तोंडात दिली नाही. आधी पदरात धरून ऊब द्यायची. पाठीवर खोगीर ठेवताना केस उलटे वळू द्यायचे नाहीत. पोटाखालून जातो तो पट्टा, त्याला तंग म्हणतात. तो आवळताना आमची घोडी, हौशी, पोट फुगवून धरायची. लबाड होती. म्हणून एकदा आवळायचा, घोडीला अंगणात चार पावलं चालवायची, तिनं श्वास सोडला की परत आवळायचा. मालक बघून हसायचे. म्हणायचे, "आमच्यापेक्षा घोडीलाच जास्त नटवतीयास."

मी म्हणायची, "ती कमावून आणतीय. तुमी नुसतं बसता."

ते तापानं गेले. आठवडाभर अंथरुणाला होते आणि गेले. टांगा दारात उभा राहिला, आणि पोरं अजून लहान. मग निवृत्ती आला. म्हणाला, "आक्का, मी हाकतो. तू काळजी करू नगंस." कोणत्या बहिणीला बरं वाटणार नाही? शेजारणी म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. मीही मान डोलावली.

आणि त्याच्या हातात हौशी बिघडली. जी घोडी मालकांच्या नुसत्या खाकरण्यावर थांबायची, ती चढाला लागली की मान वर टाकायची, पुढचे पाय आपटायची, तोंडाला फेस आणायची. एकदा राजवाड्याकडच्या दोन बायका मागं बसल्या होत्या. घोडी मधेच अशी उभी राहिली की त्या किंचाळत रस्त्यावर उतरल्या. नाक्यावर कुजबुज सुरू झाली. हौशीच्या पाठीवर, खोगिराखाली, केसांचा एक भोवरा होता. त्याकडं आजवर कुणाचं लक्ष नव्हतं. मालक गेल्यावर सगळ्यांना तो दिसायला लागला. कुणी म्हणालं, घोडी मालकाच्या दुःखानं वेडी झाली. कुणी म्हणालं, खोगिराखालचा भोवरा धन्याला खातो.

निवृत्ती रोज संध्याकाळी हे सगळं मला आणून सांगायचा. "आक्का, लोक काय काय बोलत्यात. इकून टाक घोडी. टांगाबी मोड. माझ्या घरी ऱ्हा. तुझ्या भावजयीला तेवढाच हातभार."

"हौशी इकायची न्हाई," मी म्हणायची. हौशी होती तोवर माझ्या दाराला दार म्हणत होते. ती गेली की मी भावजयीच्या घरची भांडीवाली. हे मला न शिकताही कळत होतं.

मी बोलत नव्हते, बघत होते. एका सकाळी साज काढून घोडीला खरारा करताना माझा हात तिच्या पोटाखाली गेला आणि ती कळवळली. तंगाच्या जागी केस झडून कातडी लाल झाली होती. पाठ मात्र गुळगुळीत, एक केस इकडचा तिकडं नाही. मी तिथंच उकिडवी बसले. पाठीला घासलं असतं तर गोष्ट वेगळी होती. टांगा पुढं जड झाला की घोडीच्या दोन्ही अंगांच्या दांड्या खाली दाबतात, खोगीर रुततं आणि पाठ सोलते. इथं पाठ कोरी होती आणि पोट सोललं होतं. म्हणजे दांड्या वर उचलत होत्या. टांगा उलाळ होत होता, मागं जड पडत होता. मग पोटाखालचा तंग वर ओढतो आणि घोडीला खालून गळफास लागल्यासारखं होतं. चढावर तर आणखीच.

टांगा का उलाळ व्हावा? चाकं तीच, आस तोच, बैठक तीच. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हा टांगा पैलवानाच्या वजनावर बेतलेला. त्यांच्या जागी माझा भाऊ बसत होता. अंगावर मांस नाही, शर्टात वारं भरलं तर उडून जाईल असा. घोडीला ना दुःख नडत होतं, ना भोवरा. तिला पुढच्या फळीवर मालक हवे होते, ते सगळेच्या सगळे.

मालक कुठून आणू? मी स्वयंपाकघरात गेले आणि पाटा उचलला. आईनं लग्नात दिलेला, काळ्या दगडाचा, जाडजूड. तो पुढच्या फळीखाली सुंभानं आवळून बांधला. निवृत्तीला पुढं आणि शेजारच्या तीन भारी बायांना मागं बसवलं, आणि दांडीखाली बोट घातलं. दांडी बोटावर तरंगली. ना वर ओढ, ना खाली दाब. त्या दिवशी हौशी दिवसभर सुतासारखी सरळ चालली.

ती चटणीची गोष्ट त्याच दिवसाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडीची पारख होती. नाक्यावर रिवाज होता: एखाद्या जनावराबद्दल तक्रार आली की हमीदचाचा त्या टांग्यात बसून चढ चढायचे. हमीदचाचा नाक्यावरचे सगळ्यांत जुने टांगेवाले. मागच्या बैठकीवर ते आणि दोन भारी गडी बसणार, टांगेवाला एकटा पुढं. घोडी चढून गेली की तक्रार संपली. चाचांनी 'खोडी' म्हटलं की त्या जनावराला नाक्यावर जागा नाही. मग ते कोण घेतं, कुठं नेतं, कुणी विचारायचं नाही. आणि चाचा एकदा बैठकीवर बसले की पारख संपेपर्यंत टांग्याला कुणी हात लावायचा नाही, धन्यानंसुद्धा नाही.

सकाळी मी हौशीला न्हाऊ घातलं. कडी पदरात धरली. खोगिराखाली मऊ कांबळं दुमडून घातलं. तंग आवळला, चालवली, परत आवळला. दांडीखाली बोट घालून बघितलं. सगळं जागच्या जागी.

"आक्का," निवृत्ती म्हणाला, "तू नारळ घिऊन चालत ये. मी घोडीला हाळावर पाणी दावून नाक्यावर नेतो."

"पाणी थोडंच पाज. चढ चढायचाय तिला."

"मला काय कळत न्हाई व्हय?"

मी नारळ घेऊन निघाले. चाकाशी नारळ फोडून मगच पारख सुरू करायची, म्हणून पावलं उचलत गेले. नाक्यावर पोचले तर चहाच्या टपरीशी निवृत्तीचा सासरा उभा. लोणंदचा म्हातारा, जनावरांच्या बाजारात दलाली करणारा. बशीतून चहा फुरकत होता.

"राम राम, पाव्हणं," मी म्हणाले. "आज हिकडं?"

"सहज आपलं. जावयबापूंना भेटावं म्हटलं."

त्याच्या काखेत नवी कोरी मोरकी होती, घोड्याच्या तोंडात चढवायची दोराची. मला वाटलं, बाजारातून घेतली असेल. दलाल माणूस, त्याच्या काखेत काय पुस्तक असणार?

आणि पुढं बघते तर चाचा आणि दोघं गडी मागच्या बैठकीवर बसूनसुद्धा झालेले. निवृत्ती पुढं लगाम धरून.

"आरं, नारळ फोडायचाय!" मी ओरडले.

"उशीर झाला आक्का, चाचांचा खोळंबा व्हतोय. वर जाऊन फोडू."

"वैनी, हौ द्या," चाचा मागून म्हणाले. "घोडी तुमच्या हातची सजलीय, नारळ न्हाई तरी चालतंय."

मी हौशीकडं बघितलं. तिचे कान मागं चिकटलेले. डोळ्याचं पांढरं दिसत होतं. आणि दांड्यांची टोकं? घरून निघताना ती तिच्या खांद्याच्या रेघेत होती. आता चांगली मूठभर वर गेली होती, आणि तंग पोटात रुतला होता.

"निवृत्ती, थांब!" मी पुढं धावले. "थांबीव! टांगा उलाळ झालाय!"

"चाचा बसल्यात, आक्का! हात लावू नगंस!" असं म्हणून त्यानं चाबूक ओढला.

ज्या घोडीला मालकांनी कधी चाबूक दाखवलाही नाही, तिच्या पाठीवर फटका बसला. ती उसळून चढाला भिडली. थोडी वर गेली. मग चढानं मागचं वजन आणखी मागं गेलं, दांड्या वर उठल्या आणि ती पुढच्या दोन्ही पायांनी जमिनीवरून सुटली. सरळ उभी राहिली. तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी परत कुठल्या जनावराच्या तोंडून ऐकला नाही. मागचे तिघं घरंगळले. मागचा भार जाताच घोडी पुढं कोसळली, ती गटाराच्या दगडी कडेवर, गुडघ्यावर. एक दांडी कडाड्दिशी मोडली.

माणसं धावली. चाचा धूळ झटकत उठले, त्यांना खरचटलं होतं एवढंच. आणि गर्दीतून तोच सूर निघाला, "भोवरा! मालकाला खाल्लं, आता चाचाला खात हुती!"

"मी म्हणतच हुतो," निवृत्ती कपाळाचा घाम पुसत म्हणाला. "खोडी जनावर हाय. माझं कोण ऐकतंय?"

मी कुणाकडं बघितलं नाही. आधी घोडीच्या तोंडाशी बसले, मान मांडीवर घेतली, तंगाचं बक्कल सोडलं. ती भस्सकन श्वास घेऊन माझ्या पोटाशी तोंड घासायला लागली. पुढचा गुडघा फुटून आतलं पांढरं दिसत होतं. मग मी उठले आणि पुढच्या फळीखाली वाकले. सुंभ लोंबत होता. गाठ कापलेली नव्हती, नीट सोडलेली होती. पाटा नव्हता.

मागच्या बैठकीखाली वैरण ठेवायची जागा. तिथं गवत गच्च कोंबलेलं. मी हात घातला आणि गवत उपसलं. माझा पाटा तिथं आडवा पडलेला होता. आईनं छिन्नीनं टाकी लावून घेतलेला, माझ्या हातानं गुळगुळीत झालेला. पुढचं वजन काढून मागं ठेवलं, म्हणजे घोडीच्या पोटावर दोनदा वार केला.

मी तो उचलून कडेवर घेतला आणि चाचांपुढं जाऊन उभी राहिले.

"ह्यो काय प्रकार, वैनी?"

"मालकांचं वजन हाय हे, चाचा. पुढं बांधलं हुतं. घरनं निघताना पुढंच हुतं."

चाचांना पुढं सांगावं लागलं नाही. उभा जन्म टांग्यात गेलेला माणूस. त्यांनी मोडलेल्या दांडीकडं बघितलं, घोडीच्या सोललेल्या पोटाकडं बघितलं, मग निवृत्तीकडं वळले.

"ह्यो मागं कुणी ठेवला रं?"

"पायात येत हुता, चाचा," निवृत्ती म्हणाला. "म्हणून जरा मागं सरकावला. मला काय ठावं, एवढ्यानं काय व्हतंय..."

"काल टांगा चालला का न्हाई सरळ?"

"चालला."

"मग आज पायात आला व्हय?"

निवृत्तीची नजर पळाली, आणि ती पळाली टपरीकडं. चाचांनी तिकडं बघितलं. मीही बघितलं. लोणंदचा म्हातारा काखेतली मोरकी धोतराच्या सोग्याखाली दडवत होता.

मग चटणीपासून सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मोरकी ज्याच्या काखेत, घोडी त्याच्या घरी जायची ठरलेली. चाचांनी 'खोडी' म्हणायचं, नाक्यानं तोंड फिरवायचं, आणि खोडी घोडी म्हाताऱ्यानं मातीमोलानं ओढून न्यायची. लोणंदला जाऊन तीच घोडी पुढं वजन ठेवून सरळ चालली असती. जावयानं सासऱ्याला नजराणा दिला असता, बहिणीच्या दारातून उचलून.

चाचा म्हाताऱ्याला म्हणाले, "न्या की, पाव्हणं. मोरकी आणलीच हाय."

म्हातारा घोडीच्या गुडघ्याकडं लांबूनच बघून म्हणाला, "ही कशाला? लंगडी झालीय." आणि बशी टपरीवर ठेवून चालता झाला. जावयाचा निरोपसुद्धा घेतला नाही.

चाचा गुडघे टेकून हौशीजवळ बसले. पायावरून हात फिरवला, मान हलवली. मग उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या घोडीला खोड न्हाई. भोवऱ्याचं नाव परत कुणी काढलं तर माझ्याशी गाठ हाय." मग माझ्याकडं बघून आवाज खाली आला. "पन वैनी, चढ चढायचा पाय गेला आता हिचा."

म्हणजे मी जिंकले, आणि दाराला दार म्हणवणारी घोडी गेली. हौशी मेली नाही. नंतर कितीतरी वर्षं माझ्या परड्यात लंगडत हिंडली, पोरांनी वाढलेली भाकरी खात. नाक्यावर मात्र परत आली नाही. मोडका टांगा तसाच विकला, आणि मी टांगेवाल्यांच्या खोगिरांच्या गाद्या भरून, घोड्यांचे साज बसवून घर चालवलं. भावजयीच्या चुलीपुढं गेले नाही. पण हे सगळं पुढचं.

त्या सकाळी चार गड्यांनी हौशीला उठवलं. गर्दी पांगायला लागली. निवृत्ती चाबूक हातात धरून तसाच उभा होता. मला वाटलं, आता तरी मान खाली घालेल. पण सवय जाते कुठं? तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आक्का, तुझ्याच भल्यासाठी केलं गं. एकट्या बाईमाणसानं टांग्याचा पसारा कशाला वडायचा? माझ्या घरी दोन घास सुखाचं खाल्लं असतंस. आन् त्यो पाटा ठिव खाली, जड हाय."

पाटा माझ्या कडेवरच होता. मी तो खाली ठेवला नाही. नाक्यावर उरलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

"निवृत्ती, माझ्या घरात तुझं ताट आज उचललं. ह्या भाऊबीजेला लुगडं घिऊन माझ्या दारात येऊ नगंस, आन् फुडच्याबी न्हाई. भाऊ नसलेल्या बाया त्या दिशी चंद्राला ओवाळत्यात. मी ह्या पाट्याला ओवाळीन. दगूड हाय त्यो. पन पुढं ठेवला तवा पुढं जड झाला, मागं ठेवला तवा मागं जड झाला. जिथं ठेवला तिथं इमानानं वजन दिलं त्यानं. तू माझ्या पाठचा असून तुला तेवढंबी जमलं न्हाई."